पुढे ताई, मागे मी

भाऊ आणि बहीण पन्नाशी ओलांडून गेले की दोघांनी मिळून करायच्या गोष्टी फार उरत नाहीत. लग्नाकार्यात शेजारी बसून तिसऱ्याची उणीदुणी काढायची, दवाखान्यात पाळ्या लावायच्या आणि बँकेत जिथे जिथे पेन्सिलीनं फुली मारून ठेवली असेल तिथे सह्या करायच्या, एवढंच. त्यामुळे एप्रिलच्या अखेरीस ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "मेमध्ये कोकणात सायकलनं जायचंय, तू येतोयस," तेव्हा मला आधी वाटलं, घरात कुणीतरी आजारी आहे आणि ही ते आडवळणानं सांगतेय.

ताई शाळेत गणित शिकवायची. ती निवृत्त झाली, गणित झालं नाही. "मेमध्ये? कोकणात?" असं मी दोन वेगवेगळ्या स्वरांत विचारलं, तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. किनाऱ्यावर मे महिन्यात पारा सहसा ३३-३४च्या फार पुढे जात नाही. विदर्भातला माणूस याला हवापालट म्हणेल. जीव नकोसा होतो तो दमट हवेनं आणि घामानं. म्हणून पहाटे निघायचं, अकराच्या आत कुठेतरी टेकायचं, जेवून आडवं व्हायचं आणि दुपार कलली की समुद्रावरून जो वायव्येचा वारा सुटतो तो पाठीशी घेऊन पुढचं अंतर तोडायचं. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे. हरिहरेश्वराहून निघायचं, बाणकोट, दाभोळ आणि जयगड अशा तीन खाड्या फेरीबोटीनं ओलांडायच्या आणि गणपतीपुळ्याला पोचायचं.

"आणि पाऊस?"

"रोहिणी लागायच्या आत घरी."

घरी ही बातमी दिल्यावर बायकोनं आधी विचारलं, "गुडघ्याचं डॉक्टरांच्या कानावर घातलंस का?" आणि थोड्या वेळानं, बऱ्याच आशेनं, "किती दिवस?"

माझी सायकल नवी होती. पुढे तीन, मागे आठ, एकूण चोवीस गिअर, हे दुकानदारानं मला मंत्र दिल्याच्या आवाजात सांगितलं होतं. ताईनं दातांची गुणोत्तरं काढून त्यातले बरेचसे गिअर एकमेकांची पुनरावृत्ती आहेत हे सिद्ध करून दाखवलं, आणि माझे पैसे गेले ते गेलेच. तिची स्वतःची सायकल दहा-बारा वर्षांपूर्वीची, रंग उडालेली, पण निघण्याआधी ओव्हरऑईल करून घेतलेली. मी गादी लावलेली सायकलची चड्डी घेतली होती. ताई साध्या पँटमध्ये, आणि पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून उजव्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा. हेल्मेट मात्र दोघांनाही. त्याबाबतीत तिचा वर्ग कडक.

पुढे कोण आणि मागे कोण हे ठरवावं लागलं नाही. तसं पाहिलं तर लहानपणी बाबांच्या सायकलवर मी पुढे असायचो, दांडीवर टॉवेल गुंडाळून, आणि ताई मागे कॅरिअरवर. तेवढाच काय तो मी आयुष्यात तिच्या पुढे होतो. नंतर तिला दांडीच्या खालून पाय घालून हाफ पायडल मारायला आलं आणि तिथून हा क्रम बदलला तो कायमचा.

सायकलवर गप्पा मारत जाऊ, अशी माझी एक भाबडी कल्पना होती. चढावर दम नसतो. उतारावर ऐकू येत नाही. सपाटीवर बोलता येईल, पण हा रस्ता सपाटी फार जपून वापरतो. त्यात तो पाठीवरचा वारा. मागून वारा असला की मागच्याचं पुढच्याला ऐकू जातं, पुढच्याचं मागच्याला येत नाही. त्यामुळे ताईच्या सूचना परस्पर रत्नागिरीकडे जात आणि माझी कुरकुर मात्र तिला शब्दन् शब्द मिळे. हळूहळू आमची भाषा आटत आटत पाच शब्दांवर आली: खड्डा, गाडी, कुत्रं, पाणी, थांब. दोन माणसांना आख्खा दिवस काढायला एवढे पुरतात. आमच्या घरात याहून कितीतरी जास्त शब्द वापरून कमी कामं झालेली आहेत.

बोलणं व्हायचं ते फेरीबोटीवर. तिथे चाक थांबलेलं, दम परत आलेला, उतरून जायची सोय नाही.

बागमांडल्याच्या धक्क्यावर तिकीट फाडणाऱ्यानं आमच्याकडे पाहिलं, मग सायकलींकडे, मग आमच्या मागच्या रस्त्याकडे. "गाडी मागनं येत्येय?"

"गाडी नाही."

"मग?"

या ‘मग’ला आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो आमची कीव करत सायकलींची तिकिटं फाडायला लागला. आम्ही त्या कठड्याला दोरीनं बांधल्या आणि दोन जीपगाड्या, एक लग्नाचा टेम्पो आणि आंब्याच्या पेट्यांनी भरलेला छोटा हत्ती यांच्या मधल्या फटीत उभे राहिलो.

ही खाडी सावित्रीची. सावित्रीचा उगम क्षेत्र महाबळेश्वरला, कृष्णा, कोयना आणि वेण्णेच्या सोबत. त्या तिघी पूर्वेला देशावर उतरतात. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला. सावित्री तेवढी पश्चिमेला वळते आणि पोलादपूर, महाड करत इथे येऊन समुद्रात शिरते. ताईनं पाण्याकडे पाहून जाहीर केलं, "ही धाकटी असणार."

"कशावरून?"

"मोठ्या बहिणींनी सांगितलेल्या वाटेनं गेली नाही."

मग तिनं मुद्द्याला हात घातला. पुण्यात बाबांचं जे घर आहे, सध्या भाड्यानं दिलेलं, त्या सोसायटीनं फळ्यावर नोटीस लावली होती: पार्किंगमधल्या बेवारस सायकली अमुक तारखेच्या आत हलवाव्यात, नाहीतर भंगारात दिल्या जातील. बाबांची बावीस इंची काळी सायकल जिन्याखाली उभी आहे. तारांचे ब्रेक नव्हेत, सळयांचे. चामड्याची सीट, डायनामो, आणि मागच्या मडगार्डवर महापालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला अजून स्क्रूनं पकडलेला. दोन्ही टायर बसलेले.

"ठेवायची," ताई म्हणाली.

"कुठे? तुझ्याकडे गॅलरीत कपाट आहे, माझ्याकडे गॅलरीच नाही. देऊन टाकू. कुणाच्या तरी कामाला येईल."

"भंगारवाल्याच्या कामाला येईल. बाबांची सायकल आहे ती."

"बाबांचा बंबही होता. तो तू दिलास."

बंबाचा विषय निघाल्यावर बोट धक्क्याला लागली. बोटीची ही वेळ साधण्याची हातोटी मला पुढेही दोनदा अनुभवायला मिळाली.

किनाऱ्याच्या या रस्त्याची एकच चाल आहे. गाव खाली, समुद्राला लागून, नारळी-पोफळीच्या आगरात. दोन गावांच्या मध्ये डोंगराचा एक दांडा समुद्रात घुसलेला. गावातून निघालं की वळणावळणानं वर, तिथे सडा: तापलेला जांभा, वाळून पिवळं पडलेलं गवत, सावलीचं नाव नाही. सडा संपला की पुन्हा खाली, गारव्यात, पुढच्या गावात. चढायला पाऊण तास लागतो, उतरायला पाच मिनिटं, आणि त्या पाच मिनिटांत मन असं हलकं होतं की पुढचा चढ आपण विसरलेले असतो. बुरोंडीजवळ डोंगरावर अर्ध्या पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा आहे. बाण मारून समुद्र मागे हटवला आणि ही भूमी काढली, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्या पुतळ्यापाशी चाकाला टेकून घाम पुसताना मला पहिल्यांदा वाटलं की काम अर्धवट राहिलंय. जमीन मिळवली, पण थोडी सारखी करून घ्यायला हवी होती.

पुढे चढ आहे का, हे वाटेत विचारायचं नाही, असं अनुभवी लोक सांगतात. आम्ही विचारायचो, कारण उत्तरं ऐकण्यासारखी असतात. स्कूटरवाला म्हणतो, "नाय ओ, सपाटच आहे." रिक्षावाला म्हणतो, "आहे थोडासा, कळणार पण नाय." एसटीच्या थांब्यावर बसलेला माणूस आधी आमच्याकडे बघतो आणि मग दयाळूपणानं खोटं बोलतो. केळशीच्या पुढे एक म्हातारी डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन समोरून आली. तिला विचारलं. ती भारा सावरत म्हणाली, "मोप हाय." चढाची खरी माहिती जो पायानं चढलाय त्याच्याकडेच असते. माझ्या फोनमधल्या ॲपकडेही होती, पण त्यातला चढ-उताराचा आलेख बघूनच गुडघे दुखायला लागत, म्हणून मी तो उघडणं सोडलं.

खूप चढ आला की मी उतरून सायकल ढकलायचो. चोवीस गिअरांची सायकल हातानं ढकलत नेणाऱ्या माणसाच्या मनात काय चालतं ते इथे लिहीत नाही. ताई म्हणाली, "त्यात काय? ढकलणं हा पंचविसावा."

आंजर्ले, हर्णै ही गावं भराभर गेली. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव ऐन रंगात होता आणि आम्ही दोघं शाकाहारी, त्यामुळे सुवर्णदुर्गाकडे बघत, नाकावर रुमाल धरून, शक्य तेवढ्या आदरानं पुढे सटकलो. मुरूडला मात्र ताई थांबली. महर्षी कर्व्यांचं हे गाव. १८७५ साली सतरा वर्षांचे धोंडो केशव कर्वे मित्रांबरोबर इथून साताऱ्याला परीक्षेसाठी चालत गेले होते, सह्याद्री चढून, शंभराहून अधिक मैल. आणि तिथे परीक्षकांनी त्यांच्या अंगकाठीकडे बघून, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. नंतर त्यांनी ती कोल्हापूरला दिली. ही गोष्ट ताईनं मला मुरूडमध्ये सांगितली नाही. ती तिनं मुरूडनंतरच्या चढावर सांगितली, मुद्दाम माझ्या शेजारी येऊन, जिथे मला उत्तर देण्याइतका श्वास नव्हता. माझं दुःख वेगळंच होतं. मी माझ्या वयापेक्षा बराच मोठा दिसत होतो, तरी मला कुणी परत पाठवत नव्हतं.

बुरोंडी सोडल्यावर करवंदांच्या जाळ्या लागल्या. काळी, टपोरी, मेच्या मध्यावरची करवंदं. साठीच्या उंबरठ्यावरची, निवृत्तिवेतन घेणारी ताई सायकलसकट जाळीत शिरली. मूठभर करवंदं काढून तिनं एक माझ्यासमोर धरलं. "कोंबडा की कोंबडी?"

"कोंबडा."

तिनं दातांनी तोडून दाखवलं. आत पांढरट. कोंबडी. पुढचं तिचं: "कोंबडा." आत लालभडक. लहानपणी आजोळी ती हरली की नियम बदलायची, असा माझा आरोप आहे. तो मी तिथे पुन्हा केला आणि तिनं तो पुन्हा फेटाळला. गुण मोजायचं काम अर्थातच तिच्याकडे. आम्ही हात-तोंड चिकट करून, जिभा जांभळ्या करून रस्त्यावर आलो तेव्हा तिच्या मागच्या चाकातली हवा गेलेली होती.

जवळ एकच घर होतं, रस्त्याच्या वर, जांभ्याच्या चार पायऱ्या चढून. अंगणात सुपांमध्ये रातांब्याची सालं वाळत घातलेली. पडवीत एक आजोबा बसलेले. त्यांनी आमच्याकडे पाहून पहिला प्रश्न तोच विचारला जो आम्हाला हरिहरेश्वरापासून प्रत्येक गावात विचारला गेला होता. "जागा बघाया आलाव काय?"

कोकणात किनाऱ्यालगत कुणी बाहेरचा माणूस थांबून इकडेतिकडे बघायला लागला की तो जागा बघतोय हे गृहीत असतं. तोही दलाल किंवा गिऱ्हाईक. सायकलवरचा असला तर बेरकी गिऱ्हाईक. नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न, "मग नवसाचं काय?" तेही नाही म्हटल्यावर तिसरा, माझ्याकडे बघून, "ही मालकीण?" "बहीण," मी म्हटलं. आजोबांना हे फार आवडलं. त्यांनी आतून घमेलंभर पाणी आणि दोन पेले कोकम सरबत मागवलं. सरबतात मीठ होतं, जिरं होतं, आणि ते पिताना मला सगळं जग, चढांसह, मान्य होतं.

ताईनं चाक काढलं. पट्ट्या घालून टायरची एक कड रिमबाहेर घेतली, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यात थोडी थोडी बुडवत गेली. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची माळ उठली. तिथे बॉलपेननं फुली. पुसून कोरडी केली, पॉलिश पेपरनं घासली, सोल्युशनचा पातळ थर दिला आणि ती स्वस्थ बसली. मी पॅच पुढे केला तर म्हणाली, "वाळू दे." सोल्युशन ओलं असताना पॅच लावला की तो उन्हात सुटतो, आणि तेवढा वेळ नुसतं बसून राहणं पुरुषांना जमत नाही, असं तिचं मत आहे. त्या वेळात तिनं टायरच्या आतून बोटं फिरवली, कारण काटा बहुधा तिथेच राहिलेला असतो. होता. काळसर, करवंदीचाच, टोक आत आलेलं. तो तिनं नखानं मागे ढकलून बाहेर काढला आणि कागदात गुंडाळून माझ्याकडे दिला. का, ते तिनं सांगितलं नाही; मीही विचारलं नाही; तो अजून माझ्या पाकिटात आहे.

आजोबा बोलत होते. मुंबईला गिरणीत होते, थोरला भाऊही. १९८२च्या संपानंतर दोघं गावी परत आले. या घराच्या मधोमध एक भिंत घातलीय, पलीकडे भाऊ. विहीर एक, वहिवाट एक, बोलणं नाही. जागा विकायची म्हटलं तर सातबाऱ्यावर इतकी नावं की मतदारयादी वाटावी. आत्या, आत्यांची मुलं, बडोद्याला गेलेला एक चुलता, त्याचे वारस. बहिणींची नावंही आता लागली. त्यावर ताईनं घमेल्यावरून मान वर न करता सांगितलं की महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारा बदल १९९४ सालीच झाला, देशभर तो २००५ साली आला, आणि ‘आता लागली’ म्हणजे तशी उशिराच लागली. आजोबा हसले. म्हणाले, "तुम्ही मास्तरीण." तो प्रश्न नव्हता.

मी पडवीच्या वाशाला टांगलेली सायकल बघत होतो. चोवीस इंची, काळी, बाबांच्या सायकलची थोरली बहीण शोभेल अशी. "ही कुणाची?"

"दोघांनी मिळून घेतलेली. मुंबईला, सेकंडहँड. अर्धी त्याची."

"कुठली अर्धी?" ताईनं विचारलं. तिला असे प्रश्न गमतीनं विचारता येत नाहीत.

आजोबांनी विचार केला. "पुढली माझी. हांडल माझ्याकडं."

चालवत कुणीच नाही. विकता येत नाही, देता येत नाही. पावसाळ्याच्या आधी एकदा खाली काढायची, पुसायची, चेनला तेल द्यायचं आणि परत टांगायची, एवढं ते दरवर्षी करतात. या वर्षीचं झालं होतं. चेनवरचं तेल मला खालूनही दिसत होतं.

पॅच बसला. पैसे घेतले नाहीत, उलट ताईच्या पिशवीत चार आंबे आले, म्हणजे पुढच्या चढाला किलोभर जास्त. उतारावर ती एकदम ब्रेक लावून थांबली. मला वाटलं, परत पंक्चर. ती म्हणाली, "चेन मागच्या अर्ध्यात येते." आणि पुढे गेली.

दाभोळला बोटीची वाट बघायला लागली. समोर, पलीकडच्या काठावर, वीज प्रकल्पाच्या चिमण्या. एन्रॉनच्या काळात ज्या प्रकल्पाचं नाव ‘दाभोळ’ म्हणून वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत गाजलं तो दाभोळात नाहीच. खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. नाव एकाचं, धूर दुसऱ्याकडे, ही विभागणीही आपल्याकडे घराघरांत चालते. बोट आली, सायकली बांधल्या, आणि वाशिष्ठीच्या पाण्यावर मी म्हटलं, "मी विचार करतोय, बाबांची सायकल ठेवूच या. टायर बदलू. माझ्या पार्किंगमध्ये भिंतीला हूक ठोकून टांगता येईल."

"मी विचार करतेय," ताई म्हणाली, "देऊन टाकावी."

"तूच म्हणालीस बाबांची सायकल!"

"म्हणूनच. त्या दोघा भावांना ती विकता आली असती तर एकदा भांडून मोकळे झाले असते. वस्तू लटकत ठेवली की भांडणही लटकत राहतं."

"तेल कोण देतं ते बघितलंस ना?"

"बघितलं. देऊन बोलतात का?"

मी यावर चांगलं उत्तर शोधत असताना धोपावे आलं.

गुहागरला ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीही न विचारता मऊ भात, तूप, मेतकूट आणि पोह्याचा पापड पुढे ठेवला. या जेवणाला मी मोदकांच्या वर ठेवतो, आणि मोदक मला किती प्रिय आहेत हे ताईला विचारा. रात्री व्याडेश्वराच्या देवळाच्या आवारात गार फरशीवर पाय पसरून बसलो. चाकरमान्यांचा महिना. कुठेतरी अंडरआर्म क्रिकेटची फायनल चालली होती आणि माइकवरचा समालोचक प्रत्येक बॉलनंतर कुणाच्या तरी वडिलांचं नाव घेत होता. ताईनं पायाला तेल चोळता चोळता बाबा सायकल कशी चालवत ते करून दाखवलं: ताठ, मान वळवायची नाही, घंटी वाजवायची नाही, कारण समोरच्याला दिसायला हवं. मला ते वेगळं आठवत होतं. मला त्यांची हनुवटी आठवत होती, कारण मी दांडीवर असायचो. तिला पाठ. आम्ही दोघांनी एकाच माणसाचे दोन वेगळे अर्धे पाहिले होते, आणि त्या रात्री त्यावरून वाद झाला नाही, कारण झोप आली.

हेदवी, मग तवसाळ. तवसाळच्या उताराला माझे ब्रेक असे तापले की रबराचा वास आला. शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. शेवटची बोट. वाद पुन्हा पहिल्यापासून, फक्त बाजू बदलून; मी तिचे बाणकोटचे मुद्दे मांडत होतो आणि ती माझे, माझ्यापेक्षा चांगले.

इथे मला राईट बंधू आठवले. विल्बर आणि ऑर्व्हिल यांनी १८९२ साली अमेरिकेत डेटन गावात सायकलींचं दुकान काढलं. विकायचे, दुरुस्त करायचे, पुढे स्वतःच्या सायकलीही बनवल्या. दोघं कडाकडा भांडत, आणि म्हणतात की वाद बराच तापला की शेवटी प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूनं बोलत असे. १९०३ साली त्यांचं विमान उडालं, तेव्हा इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत पोचवायला चेनच वापरलेली होती. हे सगळं मी ताईला सांगितलं आणि म्हटलं, भावंडांचे वाद वाया जात नाहीत. ताई म्हणाली, "त्यांचं उडालं. आपली जिन्याखाली आहे." आणि त्यांना कॅथरीन नावाची एक बहीण होती, शिक्षिका, ती घर आणि दोघा भावांना सांभाळायची, हे तुझ्या गोष्टीतून का गळलं, असंही तिनं विचारलं. बोट लागली.

जयगडच्या धक्क्यापासून वर येणारा चढ सरळ आणि निर्लज्ज आहे. तो आम्ही दोघांनीही पंचविसाव्या गिअरमध्ये चढलो. मालगुंडला केशवसुतांच्या स्मारकापाशी पाणी प्यायलो. पुढचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं, वारा पाठीशी, आणि कोण जाणे कशी, सपाटी. ताईनं तिथे पायडल मारणं सोडून दिलं. फ्रीव्हीलचा किरकिर आवाज. मला पहिल्यांदाच तिच्या शेजारी येता आलं, तर ती म्हणाली, "मागे राहा, गाडी येईल."

गणपतीपुळ्याला पोचून, आंघोळ करून, मी सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. म्हटलं, आमच्या वडिलांची सायकल भंगारात देऊ नका, मी येऊन घेऊन जातो. पलीकडे बराच वेळ शांतता.

"साहेब," ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात ताई म्हणत होत्या ठेवा आणि तुम्ही म्हणत होता द्या. अर्ध्या तासापूर्वी ताईंचा फोन येऊन गेला, द्या म्हणाल्या. आता तुम्ही म्हणता ठेवा. मी रजिस्टरला काय लिहू?"

"विचाराधीन लिहा."

शेजारच्या खोलीतून ताई ओरडली, "आणि वॉचमनला म्हणावं, चेनला तेल घाल!"